टेबलाचा आकार कोणी ठरवायचा?

या पुस्तकातला प्रश्न दिसायला अगदी लहान आहे. आपण जावा, पायथन किंवा सी-शार्पमध्ये एक क्लास लिहितो, प्रोग्रॅम चालू करतो आणि डेटाबेसमध्ये त्या क्लासचे टेबल तयार झालेले दिसते. आपण टेबल बनवायची आज्ञा लिहिलेली नसते, तरी कॉलम आहेत, त्यांना प्रकार आहेत, प्रायमरी की आहे. नाव किती अक्षरांचे बसेल, रकमेला दशांश स्थळे किती, कोणता रकाना रिकामा चालेल, हे सगळे ठरून गेलेले असते. ते कोणी ठरवले? बहुतेक प्रकल्पांत या प्रश्नाचे खरे उत्तर ‘कोणीच नाही’ असे असते. ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंगच्या साधनाने, म्हणजे ओआरएमने, आपल्याकडची ठरीव मूल्ये धरली आणि आपण पुढच्या कामाला लागलो.

या पुस्तकाचे म्हणणे एवढेच आहे की टेबलाचा मसुदा साधनाने खुशाल लिहावा, पण तो ओळीने वाचून मंजूर करण्याचे काम माणसाने सोडू नये. हे काम कसे करायचे, कुठे आवळायचे आणि कुठे सैल सोडायचे, हे पुढच्या प्रकरणांत आहे. हा विषय वेगळ्या पुस्तकाच्या योग्यतेचा का, ते या प्रस्तावनेत सांगतो.

पुस्तक ज्यांच्यासाठी आहे ते वाचक माझ्या डोळ्यांसमोर आहेत. यावल, रावेर, सावदा, फैजपूर हा केळीचा पट्टा. फैजपुरात १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि या भागातली कितीतरी मुले शेतकऱ्याच्या घरातून संगणकाकडे आली आहेत. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला ती आपल्या ओळखीचा विषय घेतात : केळीची खरेदी-विक्री, पतपेढीचे खाते, दूध संकलनाचा हिशोब, ठिबकच्या पाण्याचे वेळापत्रक. अभ्यासक्रमात त्यांना नॉर्मलायझेशन शिकवले जाते, एसक्यूएलही शिकवले जाते. प्रकल्प करताना मात्र ती स्प्रिंग बूट किंवा जँगो वापरतात आणि टेबल आपोआप होते. शिकलेले आणि केलेले यांच्यामधला हा दुवा कुठल्या तासाला येत नाही. मग नोकरीच्या पहिल्या महिन्यात समोर भरलेला, चालता डेटाबेस येतो आणि तिथे तीच सवय महागात पडते.

उदाहरणे मी शेवटपर्यंत एकाच विषयातून घेतली आहेत : सातबारा. त्यामागे कारण आहे. २७ आणि २८ डिसेंबर १९३६ या दिवशी फैजपूरला पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. त्यात शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला. सारा आणि खंड कमी व्हावा, कुळाला जमिनीवर स्थिर हक्क मिळावा, अशा त्यातल्या मागण्या होत्या. हक्क ठरावाने मिळतो, टिकतो मात्र नोंदीवर. कोणत्या गटात किती क्षेत्र, कोणाच्या नावावर, कोणत्या आधाराने, हे रकान्यांत नीट लिहिलेले नसेल तर ठरावाचा शेतकऱ्याला उपयोग नाही. ज्या गावाच्या नावाने जमिनीच्या हक्काचा कार्यक्रम ओळखला जातो, त्या गावातल्या मुलांनी रकान्याचा विचार गंभीरपणे करावा, अशी माझी इच्छा आहे.

हा प्रश्न आला कुठून, ते थोडक्यात पाहू. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडले. माहिती टेबलांत ठेवायची, टेबले एकमेकांशी मूल्यांनी जोडायची आणि माहिती कशी साठवली आहे याची काळजी वापरणाऱ्याने करायची नाही, हा त्यातला विचार. पुढे प्रोग्रॅमिंग ऑब्जेक्टच्या दिशेने गेले. ऑब्जेक्टमध्ये वारसा असतो, याद्या असतात, एक ऑब्जेक्ट दुसऱ्याला थेट धरून असतो. टेबलाला यातले काहीच ठाऊक नसते. या दोन जगांमधली ने-आण प्रत्येक प्रोग्रॅमर हाताने लिहीत होता. ते कष्ट वाचवायला ओआरएम आले. गेव्हिन किंग यांनी २००१ मध्ये हायबरनेट सुरू केले. रुबी ऑन रेल्सचे अॅक्टिव्ह रेकॉर्ड आणि पायथनचे जँगो त्यानंतरच्या काही वर्षांतले. २००६ मध्ये जावासाठी जेपीए हे प्रमाण ठरले आणि २०१३ च्या जेपीए २.१ मध्ये स्कीमा तयार करण्याच्या सूचनाही प्रमाणात आल्या. टेबल थेट डेटाबेसमध्ये बनवायचे की त्याची स्क्रिप्ट फाइलमध्ये काढायची, बनवायचे की पाडून पुन्हा बनवायचे, हे तेव्हापासून प्रमाण सूचनांनी सांगता येते. नियंत्रणाची सोय जुनीच आहे, ती वापरण्याची शिस्त मात्र अजून रुळलेली नाही.

आता एक क्लास जवळून पाहू. नाव ‘शेतजमीन’. त्यात चार गोष्टी : गट क्रमांक, क्षेत्र, खातेदाराचे नाव आणि जमिनीचा प्रकार. गट क्रमांक हा पूर्णांक आहे असे मुलांना आधी वाटते, पण पोटहिस्सा पडला की तो ‘४५/२/अ’ असा होतो; म्हणून ती स्ट्रिंग. क्षेत्राला बिगडेसिमल, नावाला स्ट्रिंग, प्रकाराला इनम. क्लास लिहून झाला. हायबरनेटच्या सहाव्या आवृत्तीने पोस्टग्रेसवर याचे टेबल बनवले, तर दोन्ही स्ट्रिंगचे कॉलम ‘व्हारचार २५५’ होतात आणि क्षेत्राचा कॉलम ‘न्यूमेरिक ३८,२’ होतो. म्हणजे एकूण अडतीस अंक आणि दशांशानंतर दोन.

हे ‘दोन’ कुठून आले? रुपये-पैशांसाठी ते बरोबर आहे. जमिनीसाठी नाही. एक हेक्टर म्हणजे १०० आर, एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. हेक्टरमध्ये लिहिताना एक चौरस मीटर ०.०००१ होतो, म्हणून जमिनीला चार दशांश स्थळे लागतात. समजा क्षेत्र १ हेक्टर २५ आर ५० चौरस मीटर आहे. प्रोग्रॅम १.२५५० पाठवतो. पोस्टग्रेस कोणतीही चूक न दाखवता ते १.२६ करून ठेवतो. कागदावर नसलेले ५० चौरस मीटर टेबलात वाढले. आता एक हेक्टर जमीन तीन वारसांत वाटली असे धरू. हिस्से ०.३३३३, ०.३३३३ आणि ०.३३३४. टेबलात तिन्ही ०.३३ होतात, बेरीज ०.९९ येते आणि एक पूर्ण आर, १०० चौरस मीटर, हिशोबातून गेला. एका घराची जागा!

प्रोग्रॅम कुठे थांबला नाही. चाचण्याही पार पडतात, कारण चाचणीत मुले १.५० किंवा २.२५ असली सोपी क्षेत्रे घालतात. दोष दिसायला खरा सातबारा यावा लागतो. उपाय एका ओळीचा आहे : कॉलमच्या सूचनेत प्रिसिजन १२ आणि स्केल ४ लिहायचे. ही ओळ पहिल्या दिवशी लिहिली तर काम संपले. सहा महिन्यांनी लिहिली तर कॉलम बदलेल, गेलेले अंक परत येणार नाहीत. स्कीमाची चूक आणि कोडची चूक यांत हाच फरक आहे. कोड दुरुस्त केला की पुढचे सगळे दुरुस्त होते. स्कीमाच्या चुकीत जे साठवले गेले ते साठवले गेले.

इनमचे उदाहरण याहून फसवे आहे. जमिनीच्या प्रकारांची यादी मुलाने लिहिली : जिरायत, बागायत, वरकस. खानदेशात भाताची जमीन फारशी नाही, म्हणून ‘तरी’ हा प्रकार पहिल्या यादीत सुटला. वेगळे काही सांगितले नाही तर जेपीए इनमचे नाव न साठवता क्रमांक साठवते : जिरायत ०, बागायत १, वरकस २. पुढे दुसऱ्या जिल्ह्याची माहिती आली आणि कोणीतरी ‘तरी’ हा शब्द सातबाऱ्यावरच्या क्रमाने बागायतच्या पुढे घातला. कोडमध्ये एका शब्दाची भर, दिसायला निरुपद्रवी. आता २ म्हणजे ‘तरी’. टेबलातली वरकस म्हणून नोंदलेली प्रत्येक जमीन त्या क्षणापासून भाताची झाली, आणि टेबलातला एक आकडाही बदललेला नाही. इनम नावाने साठवा ही सूचना त्या क्लासमध्ये एका शब्दात देता येते. ती द्यायची हे ज्याला माहीत आहे त्याचा डेटा शाबूत राहतो.

नावांचेही तसेच. देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह युटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. मायएसक्यूएलच्या ५.७ आवृत्तीपर्यंत डेटाबेसचा ठरीव कॅरेक्टर सेट लॅटिन-१ होता, ८.० पासून तो युटीएफ-८ एमबी-४ झाला. जुन्या सर्व्हरवर साधनाने आपोआप बनवलेले टेबल डेटाबेसचा ठरीव सेट उचलते. तिथे मराठी नाव घातले तर सर्व्हरच्या कडकपणाप्रमाणे एकतर नोंद नाकारली जाते किंवा नावाच्या जागी प्रश्नचिन्हे साठतात. मराठी माणसासाठी प्रणाली बनवणाऱ्याने हे टेबल बनण्याआधी पाहायला हवे.

साधनाला काय सांगता येते ते आता पाहू. हायबरनेटमध्ये यासाठी एक सेटिंग आहे आणि त्याची प्रमुख मूल्ये पाच. ‘नन’ म्हणजे स्कीमाला हात लावू नको. ‘व्हॅलिडेट’ म्हणजे क्लास आणि टेबल जुळतात का पाहा, जुळत नसतील तर चालू होऊ नको. ‘अपडेट’ म्हणजे कमी असेल ते घाल. ‘क्रिएट’ म्हणजे असलेले पाडून नव्याने बनव. ‘क्रिएट-ड्रॉप’ म्हणजे बनव आणि प्रोग्रॅम बंद होताना पाडून टाक. स्प्रिंग बूट यात स्वतःहून निवड करते. प्रोग्रॅमच्या आत चालणारा छोटा डेटाबेस असेल आणि मायग्रेशनचे, म्हणजे स्कीमातले बदल क्रमाने लावणारे, साधन नसेल तर ‘क्रिएट-ड्रॉप’, एरवी ‘नन’. विद्यार्थी शिकताना पहिल्या परिस्थितीत असतो, म्हणून सगळे जादूसारखे होते. खरा डेटाबेस जोडला की टेबल बनत नाही. मग तो इंटरनेटवर शोधतो आणि त्याला ‘अपडेट’ हा शब्द सापडतो. तिथून पुढे तो शब्द प्रत्येक प्रकल्पात कॉपी होत राहतो.

‘अपडेट’वर एक पूर्ण प्रकरण आहे, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याच्याबद्दल आहेत. नाव ऐकून वाटते की ते टेबल क्लासप्रमाणे करून देईल. प्रत्यक्षात ते मुख्यतः भर घालते. क्लासमधून काढलेला कॉलम ते टेबलातून काढत नाही. नाव बदलले हे त्याला कळत नाही. ‘खातेदार नाव’ या रकान्याचे नाव सातबाऱ्याच्या भाषेप्रमाणे ‘भोगवटादार नाव’ केले, तर साधनाला एक कॉलम नाहीसा झालेला आणि एक नवा आलेला दिसतो. नवा कॉलम रिकामा तयार होतो, जुनी नावे जुन्या कॉलममध्ये पडून राहतात आणि पडद्यावर सगळे भोगवटादार बिननावाचे दिसतात. त्यातून जुना कॉलम ‘रिकामा चालणार नाही’ असा असेल तर नवी नोंदही होत नाही, कारण त्या कॉलममध्ये आता कोणी काही भरत नाही.

रिकामा न चालणारा नवा कॉलम घालायचा असेल तर आणखी पेच आहे. टेबलात आधीच्या नोंदी असतील तर पोस्टग्रेस तो घालू देत नाही, कारण जुन्या नोंदींत तिथे काही नाही. हायबरनेट ही तक्रार लॉगमध्ये लिहिते आणि, वेगळे सांगितले नसेल तर, प्रोग्रॅम सुरू होऊ देते. कॉलम नसतो आणि त्याची पहिली गरज पडते तेव्हा प्रोग्रॅम कोसळतो. हेच मायएसक्यूएलवर केले तर तो कॉलम घालतो आणि जुन्या नोंदींत रिकामी स्ट्रिंग भरतो. क्लास तोच, सेटिंग तेच. एका डेटाबेसवर एक परिणाम, दुसऱ्यावर दुसरा. ज्या कृतीचा परिणाम आधी वाचता येत नाही ती चालत्या डेटावर करू नये, हा नियम इथून निघतो.

इंडेक्सचीही गोष्ट अशीच. खाते आणि जमीन यांना जोडणारी फॉरेन की साधन बनवते. मायएसक्यूएलचे इनोडीबी त्या कॉलमवर इंडेक्स स्वतः करते, पोस्टग्रेस करत नाही. जँगो दोन्हीकडे करून देते, हायबरनेट पोस्टग्रेसवर आपण सांगितल्याशिवाय करत नाही. प्रकल्पाच्या परीक्षेत पन्नास नोंदी असतात, तिथे काही जाणवत नाही. तालुक्याची माहिती आली की एका खातेदाराच्या जमिनी शोधायला अख्खे टेबल चाळले जाते.

मग करायचे काय? उत्तर आपल्या तलाठी कार्यालयात फार पूर्वीपासून आहे. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. सातबाऱ्यावर कोणी थेट काही बदलत नाही. खरेदी झाली, वारस लागले, वाटणी झाली, बोजा चढला, की आधी फेरफाराची नोंद होते. तिला क्रमांक मिळतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५० प्रमाणे हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. हरकत आली तर प्रकरण वादाच्या नोंदवहीत जाते. तलाठी नोंद लिहितो, मंडळ अधिकारी ती तपासून प्रमाणित करतो आणि मगच सातबाऱ्यावर अंमल होतो. जुने नाव खरवडून काढत नाहीत, त्याला कंस होतो. नव्या नावापुढे फेरफाराचा क्रमांक लागतो, म्हणजे हे नाव इथे कशाने आले हे कोणालाही मागे जाऊन पाहता येते. चूक झाली असेल तर जुनी नोंद गुपचूप दुरुस्त होत नाही. आदेश होतो आणि त्याचीही नोंद पडते.

स्कीमाचे मायग्रेशन म्हणजे टेबलाच्या आकाराचा फेरफार. प्रत्येक बदल वेगळ्या फाइलमध्ये, क्रमांक देऊन, लिहिलेला. लिक्विबेस २००६ मध्ये आणि फ्लायवे २०१० मध्ये आले. दोन्ही हेच काम करतात. फ्लायवे डेटाबेसमध्ये स्वतःचे एक टेबल ठेवते. कोणत्या क्रमांकाची फाइल कधी चालली, यशस्वी झाली की नाही आणि फाइलच्या मजकुराचा चेकसम काय, हे त्यात असते. एकदा चाललेली फाइल नंतर कोणी बदलली तर चेकसम जुळत नाही आणि साधन पुढे जायला नकार देते. दुरुस्ती हवी असेल तर पुढच्या क्रमांकाची नवी फाइल लिहा. फेरफार नोंदवहीची शिस्त हुबेहूब इथे आहे आणि ती मोडली तर लगेच कळते.

जँगोने ही शिस्त साधनाच्या आतच आणली. २०१४ च्या १.७ आवृत्तीपासून मायग्रेशन जँगोचा भाग आहे. क्लास बदलला की ते मायग्रेशनची फाइल लिहून देते आणि नावबदलाची शंका आली तर ‘हा रकाना तोच आहे का?’ असे विचारते. विचारणारे साधन आणि अंदाज करणारे साधन यांतला फरक इथे कळतो. ती फाइल कोणते एसक्यूएल चालवणार आहे हे आधी वाचायलाही मिळते. मायक्रोसॉफ्टच्या एंटिटी फ्रेमवर्कमध्ये २०१२ पासून अशी सोय आहे. त्याच्या कोअर आवृत्तीत ‘एन्शुअर क्रिएटेड’ नावाचा झटपट मार्गही आहे, पण त्याने बनवलेल्या डेटाबेसला पुढे मायग्रेशन लावणे जड जाते. म्हणून मार्ग पहिल्याच दिवशी निवडावा लागतो. जावास्क्रिप्टच्या जगात टाइपओआरएमचे ‘सिंक्रोनाइझ’ आणि सिक्वलाइझचे सक्तीचे ‘सिंक’ यांच्यापासून चालत्या डेटाबेसला लांब ठेवायला हवे. दुसरे तर टेबल पाडून पुन्हा बनवते.

या पुस्तकाने शिफारस केलेली पद्धत अशी. लिहायला सुरुवात केल्यावर पहिले काही दिवस साधनाला मोकळे सोडा. आकार रोज बदलतो, डेटा खोटा असतो, तिथे ‘क्रिएट-ड्रॉप’ उत्तम. आपोआप चालणाऱ्या चाचण्यांसाठीही प्रत्येक वेळी कोरे टेबल मिळणे सोयीचे आहे. आकार थोडा स्थिरावला की जेपीएच्या स्क्रिप्ट काढण्याच्या सूचनेने साधनाला टेबलाचे एसक्यूएल फाइलमध्ये लिहायला सांगा. तो तुमचा मसुदा. तो कागदावर छापा किंवा पडद्यावर उघडा, पण ओळ न ओळ वाचा. प्रत्येक २५५ पाहून विचारा, इथे खरेच किती लागतात? प्रत्येक दशांशाला विचारा, हे रुपये आहेत की हेक्टर? नल चालेल का, इंडेक्स कुठे हवा, इनम नावाने आहे की क्रमांकाने? दुरुस्त करा, पहिला क्रमांक द्या. तिथून पुढे प्रत्येक बदल नव्या क्रमांकाने, सहकाऱ्याने वाचल्यावर, आधी डेटाच्या प्रतीवर चालवून.

चालत्या डेटाबेसवर सेटिंग ‘व्हॅलिडेट’ ठेवा. त्याच्या मर्यादा मात्र ओळखा. टेबल आहे का, कॉलम आहे का, प्रकार जुळतो का, मुख्यतः एवढेच ते पाहते. लांबी, दशांश, नलची परवानगी, इंडेक्स ते तपासत नाही. क्षेत्राच्या दोन दशांशांची चूक ‘व्हॅलिडेट’मधून सहीसलामत पार होते, ती वाचणाऱ्या डोळ्यालाच सापडते. आणखी एक गोष्ट : प्रोग्रॅम ज्या युजरने डेटाबेसला जोडला जातो त्याला टेबल बनवायचा, बदलायचा, पाडायचा अधिकारच देऊ नका. मायग्रेशनसाठी वेगळा युजर ठेवा. मग चुकून कोणी ‘क्रिएट’ लिहिले तरी डेटाबेसच परवानगी नाकारतो आणि डेटा जागेवर राहतो. सेटिंगवर विसंबण्यापेक्षा अधिकार काढून घेणे केव्हाही पक्के.

मोठ्या बदलांसाठी स्कॉट अँब्लर आणि प्रमोद सदलगे यांनी २००६ च्या ‘रिफॅक्टरिंग डेटाबेसेस’मध्ये संक्रमणकाळाचा मार्ग सविस्तर मांडला. नाव बदलायचे असेल तर एका झटक्यात बदलू नका. आधी नवा कॉलम घाला. जुन्यातला डेटा त्यात आणा. काही काळ दोन्हींत लिहा. सगळे प्रोग्रॅम नव्याकडे वळले याची खात्री झाली की शेवटच्या मायग्रेशनने जुना काढा. ‘भोगवटादार नाव’ असेच आणायचे. यात तीन-चार फेरफार पडतात, पण एकाही दिवशी पडद्यावरून कोणाचे नाव जात नाही. शिवाय डेटाबेसप्रमाणे सावधगिरी बदलते. पोस्टग्रेसमध्ये बहुतेक स्कीमाबदल ट्रान्झॅक्शनमध्ये बसतात. मध्येच काही फसले तर सगळे मागे घेता येते. मायएसक्यूएलमध्ये असा बदल होताच कमिट होतो, म्हणून अर्ध्यावर फसलेले मायग्रेशन हाताने निस्तरावे लागते. तिथे एका फाइलमध्ये एकच बदल ठेवणे शहाणपणाचे.

‘आमचा प्रकल्प लहान, एवढा खटाटोप कशाला?’ हा प्रश्न मुले विचारतात आणि तो रास्त आहे. पतपेढीच्या शंभर खात्यांसाठी फ्लायवे लावणे जड वाटू शकते. माझे उत्तर आकारावर अवलंबून नाही. डेटा जोवर तुमचा आहे, पुन्हा बनवता येतो, तोवर साधनाला हवे ते करू द्या. ज्या दिवशी दुसऱ्या कोणी तुमच्या टेबलात पहिली खरी नोंद केली, त्या दिवशी ‘अपडेट’ बंद. मग नोंद एक असो की एक लाख. दूध घालणाऱ्या बाईचे पंधरवड्याचे लिटर जर टेबलातून गेले, तर तिच्यासाठी तो प्रकल्प लहान नव्हता.

हे सगळे कल्पनेतले नाही याची खूण आपल्या आसपास आहे. महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून मिळू लागला. २०२० मध्ये सातबाऱ्याच्या नमुन्यातच बदल झाले, शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि दिनांक दाखवण्यासारखे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीमुळे शेतकरी स्वतः मोबाईलवरून पिकाची नोंद करू लागला, आणि केळीच्या फळपीक विम्याच्या वेळी शेतात काय उभे आहे याची ती नोंद महत्त्वाची ठरते. नोंदीचा नमुना बदलत राहणार, रकाने वाढणार, हे गृहीत धरूनच पुढचे काम आहे. जे विद्यार्थी उद्या अशा प्रणालींवर काम करतील त्यांना, कोट्यवधी लोकांची माहिती जागेवर ठेवून तिचा आकार कसा बदलायचा, हे आले पाहिजे.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. पहिल्या भागात साधन क्लासवरून टेबल कसे काढते आणि त्याची ठरीव मूल्ये कोणती. दुसऱ्या भागात सेटिंग आणि त्यांचे परिणाम, पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलवर शेजारी शेजारी. तिसऱ्या भागात मायग्रेशन, संक्रमणकाळ आणि अधिकारांची वाटणी. प्रत्येक प्रकरणाला सराव आहे आणि तो सातबाऱ्याच्या टेबलावरच आहे. भाषा मराठी ठेवली, पण कामावर रोज बोलले जाणारे शब्द, टेबल, कॉलम, इंडेक्स, मायग्रेशन, तसेच ठेवले. मुलाखतीत आणि ऑफिसात तेच उपयोगी पडतील.

वाचकाकडून एकच अपेक्षा आहे. पहिले प्रकरण सुरू करण्याआधी स्वतःच्या एखाद्या जुन्या प्रकल्पाचा डेटाबेस उघडा. साधनाने बनवलेल्या टेबलांची व्याख्या काढा आणि प्रत्येक कॉलमपुढे लिहा : हे मी ठरवले की आपोआप ठरले? ज्या कॉलमपुढे ‘आपोआप’ लिहिले जाईल, त्याची जबाबदारी घेण्यापासून तुमचा अभ्यास सुरू करा.

फैजपूर, ता. यावल, जि. जळगाव